आमच्या ग्रुपचा लीडर

लीडरला गाता येत नव्हतं. सूर, ताल, पाठांतर, कशाशीच त्याचं जमत नसे. तरीही भाईंदर पूर्वेच्या आमच्या शाळेतल्या एकुलत्या एका म्युझिक ग्रुपचा तो लीडर होता, कारण टेपरेकॉर्डर त्याच्या घरी होता.

त्या काळात चकचकीत जाकिटं घातलेल्या चार पोरांचा एक ग्रुप टीव्हीवर धुमाकूळ घालत होता. गाणी म्हणाल तर अगदीच पुचाट. तीन ओळी प्रेमाच्या आणि बाकी सगळं ‘ओ ओ’. पण आमचा नववीचा अख्खा वर्ग त्यांच्यावर फिदा. लीडरने आम्हा चौघांना नंबर वाटले. तो एक, मी तीन. माझी जागा डावीकडे. त्यानंतर त्याने मला कधी नावाने हाक मारली नाही. पुढे दोघंही भाईंदरच्याच इंद्रलोक वसाहतीत राहायला आलो, तर भाजीवाल्यासमोरही “ए तीन नंबर” म्हणून ओरडायचा. बायको बरोबर असली की मी ऐकू न आल्यासारखं करायचो.

स्नेहसंमेलनात आम्ही कॅसेटवर नुसती तोंडं हलवणार होतो. पहिलं कडवं झालं आणि गाणं मध्येच तुटलं. लीडरच्या वडिलांनी आदल्या रविवारी घरच्या सत्यनारायणाची कथा नेमकी त्याच कॅसेटवर भरून घेतली होती. स्पीकरमधून गुरुजींचा खणखणीत आवाज आला, अध्याय तिसरा. पुढच्या रांगेतल्या बायकांनी सवयीने हात जोडले, मुख्याध्यापकांनी चपला काढल्या. दोन आणि चार नंबर पळाले. त्यांच्या मागोमाग मीही. पडद्याआडून बघतो तर लीडर एकटाच गुरुजींच्या आवाजावर तोंड हलवत नाचतोय, आणि एकही स्टेप चुकत नाही. मांडवात लोकांची हसून मुरकुंडी वळली. आत आल्यावर तो मला एवढंच म्हणाला, “तू थांबायला पाहिजे होतंस रे. डावी बाजू रिकामी दिसत होती.”

मला त्याची कीव आली होती. पुढे तर राग यायला लागला. पन्नाशीला टेकला तरी माणसाचं एकच पालुपद: “आपल्या टायमाला म्युझिक होतं. आता नुसता आवाज आहे.” शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो रोज सकाळी तीच गाणी टाकायचा आणि एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे सगळे तिथे गळे काढायचे. आपण तेव्हा पंधरा वर्षांचे होतो, एवढंच त्या गाण्यांचं मोठेपण, हे त्यातल्या एकाही शहाण्याला कळत नव्हतं. एकदा मी लीडरला तोंडावर सांगितलं की ती गाणी भिकार होती. त्यावर तो हसला आणि दुसऱ्या दिवशी त्याने दोन गाणी जास्त टाकली.

मागच्या वर्षी त्याला घशाचा कॅन्सर झाला. स्वरयंत्रच काढावं लागलं. मी इस्पितळात एकदा गेलो, हवापाण्याचं बोललो आणि निघून आलो. पळण्याची सवय माझी जुनीच.

मग काशीमिऱ्याच्या एका हॉटेलात आमच्या वर्गाचं दुपारचं जेवण ठरलं. कोणीतरी स्पीकरवर ते गाणं लावलं. गळ्याला रुमाल बांधलेला लीडर उठला आणि टेबलांच्या मधल्या जागेत उभा राहून तोंड हलवू लागला. इतकं चोख, की अनोळखी माणसाला वाटावं, हाच गातोय. शूटिंगसाठी वर धरलेले सगळ्यांचे मोबाइल खाली आले. दोन नंबर परदेशात होता, चार नंबर ताटातला भात चिवडत बसला. लीडरने माझ्याकडे न बघताच तीन बोटं वर केली आणि डावीकडे दाखवली.

गाणं अजूनही तितकंच भिकार होतं. मी जाऊन डावीकडे उभा राहिलो आणि शेवटच्या ‘ओ ओ’पर्यंत तोंड हलवत राहिलो. माझ्या स्टेप्स चुकल्या, त्याची एकही नाही.

दिवाळीच्या आतच लीडर गेला. आता भाजीवाल्याकडे मला सगळे नावाने हाक मारतात.