भिकाआप्पांचा शब्द

बोलता बोलता कुणी ‘आईशप्पथ’ म्हटलं, की आईला मधे आणल्याबद्दल भिकाआप्पा त्याला तिथंच अडवत. “मायले कसाले मझार आनस? तूच सांग ना!” सुरतेत, नवागामला, त्यांची नि माझी खोली भिंतीला भिंत लागून होती आणि दोघांचंही पोट एकाच शेठच्या पॉवरलूमवर चालायचं. खानदेशातून आलेल्या आम्हा विणकरांत देव न मानणारा हा एकटाच माणूस.

चाळीत कुणी तापानं फणफणला, की दवाखान्यात त्याच्या उशाशी आप्पा बसणार हे ठरलेलं. “पुन्य लागी तुम्हले, आप्पा,” असं एका म्हातारीनं म्हटलं, तर म्हणाले, “माले पुन्य नको, गडी बरा व्हवाले पाहिजे.”

सत्तर सालच्या आसपास कारखान्यातून सुताच्या कांड्या चोरीला जाऊ लागल्या. शेठनं देवीच्या तसबिरीपुढं नारळ मांडला आणि एकेकाला त्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. आम्ही सगळ्यांनी घेतली. आप्पा हाताची घडी घालून उभे.

“मी चोरी कयी नही. मन्हा शब्दले देव जामीन कसाले?”

“सोगंद खाई ले ने, भाई!” शेठ अजिजीनं म्हणाला. माणूस वाईट नव्हता. पण आप्पा हलले नाहीत आणि त्याच संध्याकाळी त्यांना कामावरून काढलं.

वस्तीनं त्यांना चोर ठरवून टाकलं. त्यांची बायको सोनाकाकू कानबाई देवीची मोठी भक्त. नळावर बायांनी टोमणा मारला तेव्हा ती कडाडली, “तो देव मानस नही, पन मन्हासंगे कधी खोटं बोलना नही!” घरी येऊन मात्र खूप रडली. आप्पा उधना स्टेशनावर हमाली करू लागले. मला राग यायचा तो शेठचा नाही, आप्पांचाच. नारळाला हात लावला असता तर काय हात झिजला असता?

काही महिन्यांनी शेठनं मलाच त्यांच्याकडे पाठवलं. आप्पा ओट्यावर बसून सुजलेल्या खांद्याला तेल चोळत होते.

“शेठ सांगस, तुम्ही चोर नहीत. परत या.”

“कसावरून?”

मी चिडलोच. भाकरी चालून दारात आलेली आणि हा माणूस पुरावा मागतोय!

“तुम्ही गयात तरी कांड्या चोरीले जाईच राह्यन्यात.”

आप्पांनी जरा विचार केला आणि त्यांचा चेहरा खुलला.

“हां! हाई कारन शे,” म्हणाले आणि सदरा घालायला आत गेले. शेठनं माफी मागितली का, हे त्यांनी विचारलंच नाही.