विहिरीतल्या डाव्या फेऱ्या

बाळांनो, गेल्या आठवड्यात तुम्ही मला तलावावरचा व्हिडिओ पाठवलात. त्यात तुमची आई लाकडी धक्क्यावरून पाण्यात उतरते, समोरच्या काठाकडे निघते, आणि तुम्ही दोघं मागून हसत ओरडता, "आई, परत डावीकडे चाललीस!" खाली तुम्ही विचारलंत, आजी, ही चॅम्पियन होती ना, मग हिला सरळ का पोहता येत नाही? तिला विचारलं तर म्हणाली, आजीला विचारा.

तिनं बरोबर केलं. उत्तर माझ्याकडेच आहे. दोन महिन्यांनी माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्याआधी लिहून टाकते. मराठी वाचताना तुम्हाला जिथे अडेल तिथे तुमची आईच वाचून दाखवणार, त्यामुळे मला काही सजवून लिहायची सोय नाही.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. आम्ही पांढुर्ण्याला एकत्र राहत होतो: माझे मोठे दीर, जाऊ, त्यांची मुलं, तुमचे आजोबा, मी आणि तुमची आई. संत्र्याचा बगीचा गावाबाहेर होता. घरात शब्द मोठ्या दिरांचा. तुमचे आजोबा तहसिलीत कारकून. भावासमोर ते खुर्चीवर बसत नसत, मग बोलणं दूरच. मी नागपूरहून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, सौसरच्या एका मुलींच्या शाळेत शिक्षिका. सकाळच्या बसने सौसर, संध्याकाळच्या बसने पांढुर्णा. माझं जग म्हणजे ती एक सडक आणि तिची दोन टोकं.

तुमची आई बगीच्यातल्या विहिरीत पोहायला शिकली, पाठीला वाळका भोपळा बांधून, चुलत भावंडांबरोबर. पुढे बाकीच्या मुलींना घरात बोलावून घेतलं गेलं. ही आली नाही. तेव्हा मोठ्या दिरांनी निकाल दिला, आणि त्यांच्या मते तो उदार होता.

"पोहू दे, पन आपल्या विहिरीत. पळू दे, पन आपल्या बगीच्यात. फाटकाच्या बाहेर पोट्टी एकटी दिसली नाही पायजे. मायच्या संगं कुठंही जाऊ दे."

मी हे शेवटचं वाक्य शब्दशः धरलं. आठवड्यातून तीन दिवस मी बसच्या अगदी मागच्या सीटवर बसायची आणि तुमची आई मागून सायकलवर यायची. ती मायच्या संगंच होती. बस दर दोन वस्त्यांनंतर थांबे, मोहगावला चहासाठी चांगली रेंगाळे, त्यामुळे ती फार मागे पडत नसे. कंडक्टर दारातून वाकून पाही आणि मला म्हणे, "बाई, तुमचं सामान मागून येऊन राहिलं! तिकीट फाडू का?" सगळी बस हसायची. सौसरला ती माझ्या शाळेच्या वाचनालयात बसून प्रायव्हेट परीक्षेचा अभ्यास करी. येताना सायकल बसच्या टपावर.

पोहणं मात्र विहिरीतच. लाईन, म्हणजे वीज, आली की मोटर सुरू होई, पाणी खाली जाई आणि पोहणं बंद. म्हणून आम्ही उजाडताच जायचो. दगडी बांधणीची, रुंद तोंडाची विहीर. उतरायला पायऱ्या, एका बाजूला मोटरचा पाइप, दगडांच्या फटींत पिंपळाची रोपं. वर पाहिलं की आभाळाचा ताटाएवढा तुकडा. मला पोहता येत नव्हतं. मी पाण्याच्या वरच्या पायरीवर घड्याळ आणि वही घेऊन बसायची. भिंतीवर मी चुन्याने एक खूण केली होती. तिथून निघून पुन्हा तिथे आली की एक फेरी.

पहिल्या दिवशी ती डावीकडे वळली, उजव्या हाताला भिंत ठेवून. मी वहीत फेऱ्यांचा आकडा, वेळ आणि दिशेच्या रकान्यात इंग्रजी एल लिहिला. दुसऱ्या दिवशीही एल. काही महिन्यांनी तिनं पाण्यातून विचारलं, "आई, आज उलटी फिरू का?"

"नको," मी म्हटलं. "माझी मोजणी चुकेल."

तेव्हा ट्रायथलॉन हा शब्द आमच्या तालुक्यात कोणी ऐकला नव्हता. नागपूरच्या माझ्या भावाने वर्तमानपत्राचं कात्रण आणि एक अर्ज पाठवला: आधी पोहणं, मग सायकल, मग पळणं, मध्ये विश्रांती नाही. स्पर्धा दक्षिणेकडच्या एका शहरात, तलावात. मी जेवताना ते कात्रण मराठीत करून वाचून दाखवलं.

मोठे दीर म्हणाले, "एका खेळात कोणी उभं करून नाही राहिलं, म्हणून तीन?"

जाऊबाईंनी विचारलं, "पयली आली तं काय भेटते?"

"पुढच्या साली परत जाता येते, मोठीआई," तुमची आई म्हणाली. जाऊबाईंना इतकं हसू आलं की हातातली पोळी ताटाबाहेर पडली.

दीर हसले नाहीत. त्या दिवाळीत छिंदवाड्याहून एक स्थळ आलं होतं. मुलगा सरकारी नोकरीत, घर चांगलं. त्या लोकांना उन्हाळ्यात लग्न हवं होतं आणि सून घरात हवी होती. दिरांनी सौदा स्पष्ट सांगितला. या एका शर्यतीला जा. पहिली आली तर लग्नाचं नंतर पाहू, शहरात कॉलेजातही धाडू. नाही आली तर उन्हाळ्यात लग्न, आणि खेळाचा विषय घरात निघणार नाही. तुमच्या आजोबांनी मान हलवली. मी हो म्हटलं, कारण माझ्या वहीतले आकडे उत्तम होते. आमची मुलगी हरणार नाही हे मला वहीवरून ठाऊक होतं.

तलाव मी आयुष्यात पहिल्यांदा इतका मोठा पाहिला. पाण्यात दूर एक पिवळं पिंप तरंगत ठेवलं होतं. सरळ तिथे जायचं, वळसा घालायचा, परत यायचं. शिट्टी झाली आणि तुमची आई सगळ्यांच्या पुढे निघाली. मी काठावर उभी राहून मनात फेऱ्या मोजत होते, आणि मोजायला काहीच नव्हतं.

मग बाकीच्या टोप्या एका रांगेत पिंपाकडे जाताना दिसल्या आणि एक टोपी एकटीच डावीकडे. ती जोरात पोहत होती. जितकी जोरात, तितकी लांब जात होती. होडीतल्या माणसाने वल्ह्याने पाणी आपटून आरडाओरडा केला तेव्हा तिनं डोकं वर काढलं. विहिरीत डोकं वर काढून पाहायची गरज कधी पडली नव्हती. भिंत होती ना. परततानाही तेच झालं. पाण्यातून ती शेवटून दुसरी बाहेर आली. सायकलवर तिनं कितीतरी जणींना मागे टाकलं, पळताना आणखी. शेवटी ती अकरावी आली.

परतीच्या गाडीने नागपूर सोडलं. मग ती म्हणाली, "मला वाटलं मी सरळ जाऊन राहिले."

मी पिशवीतून वही काढली. दोन वर्षांची पानं. प्रत्येक ओळीत माझ्या स्वच्छ अक्षरात एल. पान उलटलं, एल. माझं एवढं शिक्षण होतं, एवढी शिस्त होती, आणि मी तिला एका गोल भिंतीच्या आत, एकाच बाजूने, रोज फिरवत होते. वर तिनं विचारलं तेव्हा नको म्हणाले होते. पांढुर्ण्याचं स्टेशन यायला नको असं मला वाटत होतं. ते आलं.

दीर ओट्यावर बसले होते. "पयली आली?"

"नाही भाऊजी. अकरावी."

"मंग झालं. छिंदवाड्याला कार्ड टाकतो."

मी पदर सावरून तिथेच उभी राहिले. त्यांच्यासमोर मी कधी तीन वाक्यांच्या वर बोलले नव्हते. "चूक तिची नाही, माझी आहे," मी म्हटलं आणि वही त्यांच्यापुढे धरली. "हे अक्षर म्हणजे डावी बाजू. दोन वर्षं मी तिला एकाच बाजूने फिरवलं. उघड्या पाण्यात ती आपोआप तिकडे वळते."

"मतलब, आमच्या बापानं खोदलेली विहीर वाकडी?"

"विहीर गोल आहे, भाऊजी."

स्वयंपाकघरातून जाऊबाईंचं हसू ऐकू आलं. दिरांनी तिकडे पाहिलं, मग वहीकडे, बराच वेळ. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण एकच आकार पानभर खाली उतरलेला कोणालाही दिसतो.

"तेलघाणीच्या बैलावानी फिरवली तुम्ही पोट्टीले," ते हळूच म्हणाले. "घाणीचा बैल वखराले जुंपला तं सरळ तासात चालत नाही. वळतेच तो. मारून उपेग नाही त्याले." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "खरं असन तं दाखवा."

त्या रविवारी संत्री वाहायची जीप काढून ते आम्हाला रामाकोन्याला घेऊन गेले, कन्हान नदीच्या डोहावर. पलीकडच्या बाभळीला त्यांनी आपला दुपट्टा बांधायला लावला. "डोळे मीट आणि तिथं जा." तुमची आई गेली, आणि बाभळीच्या खूप डावीकडे लागली. दीर शेतकरी माणूस. म्हणाले, "नदी ओढत असन. आता डोळे मिटून परत ये." नदीनेच ओढलं असतं तर येतानाही ती त्याच अंगाला गेली असती. पण तिच्या डावीकडे, म्हणजे आता उलट अंगाला, ती वळत वळत आली आणि म्हशी धुणाऱ्या बायांमध्ये निघाली.

"मायबाई, हे कोनाची?" एक बाई म्हणाली.

"आमचीच आहे," दीर म्हणाले.

परतताना सौसर मागे पडलं. मग दीर म्हणाले, "उद्यापासून उजवीकडून फिरवा. एकच साल. छिंदवाड्याचं कार्ड तवर ठेवून देतो."

बाळांनो, इथे गुंता सुटला असं तुम्हाला वाटेल. सुटला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा आम्ही त्याच विहिरीत होतो, तीच पायरी, तोच आभाळाचा तुकडा. आता रकान्यात एक दिवस आर, एक दिवस एल. दर सहा हात मारल्यावर ती डोकं वर काढून चुन्याची खूण पाही. उन्हाळ्यात पाणी इतकं खाली गेलं की तिची टाच तळाला लागे आणि फेरी आणखी लहान होई. एके सकाळी ती मोटरचा पाइप धरून थांबली. "आई, मी तर जाईन. तुला कुठं जायचं आहे?"

"शाळेत," मी म्हटलं. "बस चुकेल."

त्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, कारण ते मला ठाऊक होतं. तिच्या फेऱ्या मोजताना मी माझीही सुटका मोजत होते. तिच्यावर ते ओझं होतं, आणि तिला ते कळलं होतं.

पुढच्या वर्षी ती पहिली आली. त्यानंतर आणखी तीन वर्षं. दिरांनी शब्द पाळला, तिला नागपूरला कॉलेजात धाडलं. वर्तमानपत्रात फोटो आला तेव्हा मात्र त्यांनी तो फक्त चेहऱ्यापुरता कापून भिंतीला लावला. गावात लोक विचारत, "तुमची पोट्टी कशात पयली आली म्हणे?" दीर म्हणत, "तिन्हीत." जास्त सांगायला त्यांनाही येत नव्हतं. मग तिनं तुमच्या बाबांशी लग्न केलं, स्वतः ठरवून, आणि स्पर्धा सोडल्या, त्याही स्वतः ठरवून. का, ते तिलाच विचारा. मी त्या सडकेवरून निवृत्तीपर्यंत येत-जात राहिले. पोहायला शिकले नाही.

आता मोठे दीर नाहीत, तुमचे आजोबा नाहीत. विहीर आहे, तोंडावर लोखंडी जाळी बसवली आहे आणि चुन्याची खूण पावसाने गेली. सायकल विकली. कापलेला फोटो जाऊबाईंच्या खोलीत आहे. वही माझ्या कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात आहे. आणि तुमची आई दमली, डोकं वर काढायला विसरली, की अजून डावीकडे जाते.