खाली ठेवलेला कप

घर शोधायला निघालेल्या बाईला लोक आधी घराबद्दल विचारत नाहीत, नवऱ्याबद्दल विचारतात. ओमानमधल्या सूर गावात पहिल्या आठवड्यातच मला हे कळलं. "मॅडम, हसबंड किधर है?" मी म्हणायचे, "दुक्म में." मग समोरचा माणूस माझ्याकडे असा बघायचा की मलाच वाटायला लागायचं, खरंच आहे ना आपल्याला नवरा?

होता हो. आहे. दुक्म ओमानच्याच किनाऱ्यावर, सूरहून गाडीने चार-पाच तास खाली. तिथे रिफायनरी, बंदर आणि कंत्राटावर आलेले पुरुषच पुरुष. आमचे साहेब त्यांतलेच एक. केबिनमध्ये झोपायचे, मेसमधली पाणचट डाळ खायचे आणि फोनवर मला "इथे सगळं मस्त आहे" म्हणून सांगायचे. तिथे बायकापोरांना न्यायची सोय नाही. म्हणून मी सूरच्या एका भारतीय शाळेत गणित शिकवायची नोकरी धरली. बेत असा की मी आणि लेक सूरला राहायचं, आणि नवऱ्याने सुट्टीच्या शुक्रवार-शनिवारी घरी यायचं. या 'घरी'पाशीच सगळं गाडं अडलं होतं.

लेक अजून चिपळूणला होती, माझ्या आईकडे. मी दोन मल्याळी टीचरांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहत होते, आणि तिथे मुलं ठेवायला परवानगी नव्हती. भाडेकरार झाल्याशिवाय लेकीचा व्हिसा होणार नव्हता, आणि शाळेने तिची जागा दिवाळीच्या सुट्टीपर्यंतच धरून ठेवली होती. तोवर घर नाही मिळालं तर पोरगी ते अख्खं वर्ष चिपळूणलाच. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर ती विचारायची, "आई, घर सापडलं?" जसं काही मी ते कुठेतरी ठेवून विसरले होते. "शोधतेय गं," म्हणायचं, फोन ठेवायचा आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडायचं. त्या मल्याळी बायका मोठ्या समजूतदार. बाहेर आले की काही विचारायच्या नाहीत, फक्त ताटात माशाची तुकडी जास्त वाढायच्या.

घरं काही कमी पाहिली नाहीत. एका घरात बाथरूम हॉलएवढं आणि स्वयंपाकघर इतकुसं की फ्रिज उघडायचा तर आधी आपण बाहेर यायचं. एक घर टायरच्या दुकानावर होतं. दाखवणारा म्हणाला, "आवाज फक्त दिवसा असतो." एक अगदी मनासारखं मिळालं, तर तिथला नातूर, म्हणजे इमारतीचा राखणदार, म्हणाला, "ओन्ली फॅमिली." म्हटलं, मग मी कोण आहे? "फॅमिली किधर है?" घर मिळालं की येणार. "तो फॅमिली आने के बाद आना." माझा पारा असा चढला की मी त्याला अस्सल मराठीत चार शब्द सुनावले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "इन्शाल्ला." आता या शब्दाशी भांडायचं तरी कसं? मी पर्स उचलली आणि चालू लागले.

चाचा भेटले ते कढईमुळे. खाडीजवळच्या गल्लीत त्यांचं भांड्यांचं आणि चटयांचं दुकान. मी फोनवर आईशी बोलत बोलत कढया बघत होते, तेवढ्यात गल्ल्यावरून आवाज आला, "चिपळूनची काय गो तू?" तो 'गो' ऐकला आणि मला कढईसकट तिथेच फतकल मारून बसावंसं वाटलं. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, पण सगळी हयात सूरमध्ये गेलेली. त्यांनी मला लिमलेट दिलं आणि सगळी कर्मकहाणी ऐकून घेतली.

"घर हाय गो," ते म्हणाले. "पन ती देनार नाय."

'ती' म्हणजे एक म्हातारी. खाडीकाठी अजून लाकडी गलबतं बांधतात, तिथून मागच्या गल्लीत तिचं घर. अंगणात दोन खोल्यांचं आणखी एक छोटं घर, नवऱ्याने धाकट्या मुलासाठी बांधलेलं. नवरा वारला, मुलगा मस्कतला नोकरीला गेला तो तिकडचाच झाला. म्हातारी ते घर रोज झाडून पुसून ठेवायची, पण भाड्याने द्यायची नाही. विचारणारे विचारून थकले होते.

"मग मला कशाला पाठवताय?"

"सहज भेटून ये. घराचं काडीचंपन बोलू नको. नुसती बस जाऊन. बायकामानसांची गोष्ट येगळी असते."

शाळा सुटल्यावर गेले. फाटक ढकललं आणि समोर ते छोटं घर. निळ्या खिडक्या, दारात लिंबाचं झाड, झाडाखाली एक शेळी. बोलायचं नव्हतं, पण मनाला कोण गप्प बसवणार? लेकीची सायकल कुठे उभी राहील, कपडे कुठे वाळतील, सगळं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

म्हातारीने मला बायकांच्या बैठकीच्या खोलीत नेलं. जमिनीवर गालिचा, भिंतीला गाद्या-लोड. तिची थोरली सून दवाखान्यात कामाला होती, तिला इंग्रजी चांगलं यायचं, ती दोघींच्या मध्ये बसली. खजूर आले, हलवा आला. मग म्हातारीने स्वतः किटलीतून बिनकानाच्या छोट्याशा कपात वेलचीची कॉफी ओतून माझ्या हातात दिली.

आता आमच्या घरची शिस्त काय? मोठ्या माणसाने कपाला तोंड लावल्याशिवाय आपण लावायचं नाही. आणि पाहुण्याने हावरटासारखं लगेच तर घ्यायचंच नाही. समोरून "घ्या ना, घ्या" झालं पाहिजे, आपण "अहो, कशाला एवढं" केलं पाहिजे, आणि मग घ्यायचं. आईने डोळे वटारून वटारून हे अंगात मुरवलेलं. तेव्हा मी कप घेतला, अलगद समोर गालिच्यावर ठेवला, हात मांडीवर घेतले आणि छान हसले.

म्हातारी थांबली. तिने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सून संत्रं सोलत होती, तिचा हात तसाच राहिला. मी आणखी हसले. म्हटलं, ही बाई स्वतःला ओतून का घेत नाही? तिने घेतल्याशिवाय मी कशी घेऊ? आणि ती काही ओतून घेईना. एसीची घरघर तेवढी चालू. कॉफीवरची वाफ गेली. माझे गाल दुखायला लागले.

शेवटी म्हातारी काहीतरी बोलली. सून म्हणाली, "आई विचारतायत, तुला काय हवंय?"

बाई गं! इतकं सरळ विचारतात का कुणाला? घराचं बोलायचं नाही म्हणून चाचांची ताकीद. खोटं बोलायला जीभ उचलेना. आणि तोंडातून निघून गेलं, "माझी मुलगी."

मग बांधच फुटला. ती आठ वर्षांची आहे, आजीकडे आहे, रोज विचारते घर सापडलं का, तिचा बाप दुक्मला एकटा, मी इथे एकटी, आणि तिला दिवाळीपर्यंत आणता आलं नाही तर सबंध वर्ष गेलं. त्यांचं घर मागितलं नाही मी, देवाशपथ. पण बाकी काही ठेवलंही नाही. सून एकेक वाक्य अरबीत सांगत होती, आणि तिचाही आवाज खाली खाली जात होता.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं, डोक्यावरची ओढणी नीट केली आणि कपाकडे बोट दाखवलं. "कॉफी पी म्हणतायत," सून म्हणाली.

बोंबला, मी मनात म्हटलं. म्हणजे प्या आणि निघा. डोळे पुसत ती गार कडू कॉफी घशाखाली उतरवली. म्हातारीने लगेच कप भरला. नाही कसं म्हणायचं? प्यायले. पुन्हा भरला. पुन्हा प्यायले. शेवटी सुनेलाच माझी दया आली आणि तिने दाखवलं की पुरे असेल तर कप परत देताना हातात जरासा हलवायचा. मी तो असा हलवला की दोघी हसायला लागल्या.

मग म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली, आणि बाहेर येऊन माझ्या तळहातावर एक किल्ली ठेवली.

मी बावळटासारखी सुनेकडे बघत राहिले. "तू कप खाली ठेवलास ना," ती म्हणाली. त्यांच्याकडे पाहुण्याने कॉफी न पिता समोर ठेवली तर त्याचा अर्थ, तो काही मागायला आलाय, आणि ते मिळाल्याशिवाय पिणार नाही. यजमानाने मग विचारायचं असतं. आणि 'पी' म्हटलं की दिलं. "याआधी जे आले ते सगळे आधी कॉफी प्यायले आणि मग घर मागितलं. तू आमच्या रीतीने मागितलंस. आईंना फार बरं वाटलं."

मी नुसती वाट बघत होते, हे तिला सांगावं का? छे! मी काय वेडी आहे? चाचांना मात्र सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि कढईचे पैसे घेईनात.

दिवाळीच्या सुट्टीत लेक आली. दारात उभी राहून तिने सगळं घर एका नजरेत बघून घेतलं आणि विचारलं, "हे कुठे सापडलं?" त्याच शुक्रवारी नवरा दुक्महून आला, धुळीने माखलेला, हातात टरबूज. आम्ही तिघं अंगणात बसून जेवलो. इतकं सुख झालं होतं की मी उगाचच दोघांवर खेकसत होते.

म्हातारीला लेक पहिल्या दिवसापासून 'आजी' म्हणायला लागली, कारण चिपळूणला म्हाताऱ्या बाईला दुसरं काही म्हणत नाहीत. म्हातारी त्या हाकेला ओ द्यायला लागली. पुढे तर मस्कतहून सुट्टीला येणारी तिची सख्खी नातवंडंसुद्धा तिला आजीच म्हणायला लागली. माझी शाळा उशिरा सुटायची, तेव्हा लेक दुपारची तिच्याकडे जेवायची, भात आणि सुरमई. बघता बघता पोरगी भांडायची अरबीत, अभ्यास करायची इंग्रजीत, आणि मराठी उरली माझी तक्रार करण्यापुरती.

मग नवऱ्याचं दुक्मचं काम संपलं आणि सूरजवळच त्याला नोकरी मिळाली. सुट्टीपुरता येणारा माणूस रोज घरी आला, आणि दोन खोल्यांचं घर एकदम लहान झालं. त्याने गावाच्या नव्या बाजूला एक फ्लॅट बघितला. लिफ्ट, दोन बाथरूमं, आणि असं स्वयंपाकघर की तिथे फ्रिज उघडून वर गरबासुद्धा खेळता आला असता. मलाही तो हवा होता, उगाच कशाला खोटं बोलू? बोलणं जवळपास ठरलं, आणि मी चाचांच्या दुकानात जाऊन मोठं कपाट कुठे मिळेल ते विचारून आले. म्हणजे गल्लीभर दवंडीच.

त्या शुक्रवारी दुपारी आजी आमच्याकडे आली. एरवी ती अंगणापलीकडून हाक मारायची आणि आम्ही धावायचो. आज ठेवणीतले कपडे, हातात हलव्याचा डबा, सून बरोबर नाही. मी आल्याचा चहा केला, कप तिच्या हातात दिला. तिने तो घेतला, अलगद समोर चटईवर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसली.

चहावर साय धरली.

"आजी, साखर कमी पडली का?" आमच्या नवऱ्याने विचारलं.

आजीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे बघत होती. आता विचारायचं मी होतं, पण तिला काय हवंय ते मला ठाऊक होतं. दोन बाथरूमं डोळ्यांसमोरून गेली. तो फ्रिज गेला. लेक खाली पालथी पडून गणितं सोडवत होती. तिने मान वर केली, कपाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा एवढासा झाला.

"आई," ती म्हणाली, "सांग ना तिला, पी म्हणून."

"प्या, आजी," मी म्हटलं. "खलास. कुठ्ठे जात नाही आम्ही."

"अगं, पण त्या फ्लॅटवाल्याला मी..."

"तू गप रे जरा."

आजीने तो गार झालेला चहा सायीसकट एका दमात संपवला, तोंड वाकडं केलं, आणि रिकामा कप माझ्यापुढे धरला. हात अगदी स्थिर. कप जराही हलवला नाही. मी उठले आणि पुन्हा आलं ठेचायला घेतलं.