भोंगा झाला की जेवायचं

सुमनआत्या गेली त्याच्या पंधरा दिवस आधी मी मांजर्लीत, तिच्या मुलाच्या घरी, तिला भेटून आले होते. आजारपणाने तिने अंथरूण धरलं होतं, पण जीभ शाबूत होती. मला दारात बघूनच म्हणाली, "जेवून आलीस की जेवायला आलीस? तिसरं उत्तर मी ऐकणार नाय." नवरा, ऑफिस, मुलं यांची चौकशी त्यानंतर. इतक्या वर्षांत तिने मला एकदाही 'बारीक झालीस' किंवा 'सुधारलीस' म्हटलं नाही. ती हे का म्हणायची नाही, तेच आज सांगायचं आहे...

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तेव्हा ती अंबरनाथला राहायची आणि तिथल्याच एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकाला होती. आम्ही उल्हासनगरला. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, मी बारावीत होते. एका लग्नात कुणीतरी सहज म्हणालं, पोरगी अंगाने भरली. झालं. मी आधी भात सोडला, मग चपाती, मग जवळजवळ सगळंच. घरात बेमालूम खोटं बोलायला शिकले. हात गार, कंगव्यात केसांचे पुंजके, पाळी बंद, तरी आरशात मला जाडच मुलगी दिसायची. आईने दृष्ट काढली, बाबा ओरडले, उपयोग शून्य. शेवटी आमच्या कॅम्प भागातल्या म्हाताऱ्या सिंधी डॉक्टरांनी माझी नाडी धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. "इसकी भूख अभी झूठ बोलती है," ते बाबांना म्हणाले, "भूख की मत सुनो, घडी की सुनो." थोडं थोडं, ठरल्या वेळी खायचं, दर आठवड्याला तपासणीला यायचं, आणि तब्येत आणखी घसरली तर थेट हॉस्पिटल.

घड्याळ म्हटल्यावर बाबांना बहीण आठवली आणि त्यांनी मला तिच्याकडे राहायला नेऊन सोडलं. तिचं घर कारखान्याला इतकं लागून होतं, की भोंगा झाला की मांडणीवरची भांडी थरथरायची. कॅन्टीनची रीत अशी, की कामगाराला भूक लागली का म्हणून विचारायचं नाही. भोंगा झाला की वाढायचं. आत्याने साठवलेली रजा टाकली आणि हाच कायदा मला लावला. पहिल्या दिवशी मात्र हाताच्या सवयीने तिने भाताचा डोंगरच वाढला आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली. इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीरावर एकदम मारा करायचा नसतो, तेही धोक्याचं असतं. मग मऊ भात-वरण, दूध, केळं, काही दिवसांनी अंडं, शेंगदाण्याची चटणी, सुकट. तिच्या लेखी एकही पदार्थ वाईट नव्हता. स्वतःही तेच वाढून घेऊन ती माझ्यासोबत बसायची. रविवारी भोंगा नसायचा, तर ही बाई ओट्याशी उभी राहून तोंडानेच 'भोंऽऽ' करायची. शेजारपाजारचे दारं उघडून बघायचे. मी हसायचे, आणि हसता हसता घास आत जायचा.

हात उबदार झाले तरी केस गळतच राहिले, तेव्हा मी चिडले. ती म्हणाली, "अगं, आतमध्ये पण लाइन असते. आधी काळजाला मिळतं, मग हाडांना. केस बिचारे शेवटी उभे. त्यांचा नंबर येईपर्यंत कॅन्टीन बंद नाय करायचं." पुढे मी किती डॉक्टरांना विचारलं, इतकं सोपं कुणी सांगितलं नाही.

मग तिच्याच हातून घोळ झाला. कॅन्टीनमधल्या बायका भेटायला आल्या होत्या, मी जेवत होते. आत्या कौतुकाने म्हणाली, "बघा, माझ्या हातचं कसं अंगाला लागलंय पोरीच्या." आपल्याकडे स्वयंपाक करणारीला याहून मोठा आनंद नाही. मला मात्र लग्नातलं ते वाक्य ऐकू आलं. ताट सरकवलं, आणि दोन दिवस दुधालाही शिवले नाही. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, संध्याकाळपर्यंत हिच्या पोटात काही गेलं नाही तर भरती करायची.

आत्या माझ्यासमोर जमिनीवर बसली. "चुकलं माझं," म्हणाली. "एवढी वर्षं वाढलं, कुणाच्या अंगाकडं बघून कधी बोलले नाय. तुझ्यावर बोलले. आता या घरात कोण बोलणार नाय, चांगलं पण नाय. तू फक्त जग." मोठ्या माणसाने लहानाची माफी मागितलेली मी तोवर पाहिली नव्हती. तिने पेजेची वाटी पुढे केली. मी घेतली.

पूर्ण बरी व्हायला मला दोनेक वर्षं लागली, मधे घसरलेही. बारावी एक वर्ष उशिरा झाली. आत्याने शब्द मरेपर्यंत पाळला.

ती गेल्यावर मी तीन-चार दिवस नुसत्या चहावर होते. पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्याकडच्या दिवसकार्याला, बुद्धवंदना झाली, पंगत बसली, आणि मी कोपऱ्यात बसून राहिले. दुःखाच्या घरात कोण जेवलं, कोण नाही, हे कोण बघतं? मला हलकं हलकं वाटत होतं, बरं वाटत होतं... आणि त्या बरं वाटण्याचीच मला भीती वाटली. ते मी चांगलं ओळखते. उठून स्वयंपाकघरात गेले. आत्याची सून शेवटची पातेली आवरत होती, तीही जेवली नव्हती.

"वहिनी, वाढ मला," मी म्हटलं.

"भूक लागली?"

"नाही गं. पण मला जगायचंय."

तिने दोन ताटं घेतली, आणि आम्ही तिथेच खाली बसलो.