गाळलेला अकरावा प्रश्न

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. तुम्हाला सांगते, आणि सरळ सांगते — मला सगळं लख्ख आठवतंय.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मुलुंडच्या एका इस्पितळात मी नर्सिंग शिकत होते. वर्गात पहिला नंबर माझा. पण वॉर्डात? वॉर्डात रुग्ण हाक मारायचे शालिनीला. शालिनी मालवणकडची, हॉस्टेलात माझ्या शेजारच्या खाटेवर. तिला चार ओळी धड लिहिता येत नसत, पण तिचा हात लागला की कण्हणारं माणूस शांत व्हायचं. एकदा एका आजोबांनी माझा हात बाजूला सारला — "तू नको गं, ती दुसरी येऊ दे." मी हसले. हसले खरी.

शेवटच्या परीक्षेआधी तिला कांजण्या आल्या. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. ट्यूटरबाईंनी वर्गात सरावाचे वीस प्रश्न उत्तरांसकट दिले आणि मला म्हणाल्या, "शालिनीला उतरवून दे." दिले की. एकोणीस दिले.

अकरावा गाळला — बेशुद्ध रुग्णाची शुश्रूषा कशी कराल? कुशीवर निजवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, तोंड आतून पुसायचं, पण पाण्याचा थेंब पाजायचा नाही. हा प्रश्न येणारच, असं बाई म्हणाल्या होत्या. मी विसरले असेन? नाही. पुढच्या प्रश्नांचे आकडे मी एकेक करून बदलले, फट दिसू नये म्हणून. विसरणारं माणूस आकडे बदलतं का?

प्रश्न आला. सगळ्यात जास्त गुणांचा. मी तीन पानं लिहिली — आणि लिहिताना डोळ्यांसमोर काय होतं? शालिनीचे हात. ती वॉर्डात रोज करायची, तेच मी शब्दांत मांडलं. तिला मात्र शब्द सापडले नाहीत. त्याच पेपरात ती नापास झाली. "झालं तेवढं शिक्षण पुरे," म्हणत वडिलांनी तिचं दहिसरला लग्न लावून दिलं. मी त्याच इस्पितळात नोकरीला लागले.

तीन-चार वर्षांनी ती आली, सासूला घेऊन. म्हातारी वर्षभर लकव्याने अंथरुणाला खिळलेली. मी तिला कुशीवर वळवून पाठ पाहिली. एकही जखम नाही. साधा लाल डागसुद्धा नाही.

"कांजण्यांत तू माझ्यासाठी सगळे प्रश्न उतरवलेस गो," शालिनी म्हणाली. "तेवढा कोण करता? माझ्याच नशिबात नव्हता."

खरं सांगायला तोंड उघडायचं होतं, एवढंच. वेळ होता, ती समोर होती, आजूबाजूला कुणी नव्हतं.

"त्यात काय एवढं," मी म्हटलं. आणि तिने माझ्यासाठी आणलेली काजूची पुडी घेतली.