बाईंच्या नावावरचं टेबल

उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका लहानशा रक्तकेंद्राची माहिती जुन्या डेटाबेसमधून नव्यात हलवायचं काम मी घेतलं होतं. बदलापूरहून रोज जायचो. काम फुटकळ आहे, असं मी चारचौघांत सांगायचोही.

जुन्या डेटाबेसमध्ये टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, बनवणाऱ्याच्याच खात्यात राहायचं. एकाच नावाची दोन टेबलं दोन माणसांच्या नावावर सुखाने नांदायची. तिथल्या टेक्निशियनबाईंनी अँटीबॉडीच्या नोंदींसाठी स्वतःच्या लॉगिनमध्ये टेबल बनवलं होतं. त्याच नावाचं मूळ टेबल केंद्राच्या खात्यात होतं, पण जवळजवळ रिकामं. बाई नोकरी सोडून गेल्या तरी सगळे त्यांच्याच लॉगिनने आत शिरायचे. पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला होता. त्या लॉगिनला बाईंचंच टेबल उघडायचं, म्हणून नोंदी बरोबर दिसायच्या आणि कुणी काही विचारलं नाही.

नव्यात मी सगळी टेबलं एकाच छपराखाली आणली. मालकांची नावं गाळली, मला तो कचराच वाटत होता. आधी केंद्राची टेबलं गेली, मग बाईंचं. तिथे मशीनने अडवलं: या नावाचं टेबल आधीच आहे. असले संदेश सकाळपासून ढिगाने येत होते. मी न वाचल्यासारखं करून पुढे गेलो.

अंबरनाथच्या बुवापाड्यातली एक अकरा वर्षांची मुलगी थॅलेसेमियासाठी दर तीन आठवड्यांनी रक्त घ्यायला यायची. एका ठरावीक प्रकारचं रक्त तिला चालत नाही, ही नोंद बाईंनी फार पूर्वी केली होती. अशा परक्या रक्ताविरुद्ध शरीरात तयार झालेली अँटीबॉडी काळाने इतकी कमी होते की चाचणीत सापडत नाही. मग उरते ती फक्त नोंद. नव्या स्क्रीनवर तिच्या नंबरापुढे काहीच नव्हतं. तिला न चालणारं रक्त चढवलं गेलं. सहाव्या दिवशी लघवी काळी झाली, बाराव्या दिवशी ती गेली.

मी जुना डेटाबेस उघडला. नोंद जागच्या जागी होती.

केंद्राच्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "तिच्या आईलाही तूच सांगायचं."

आई मुलीचे कागद न्यायला केंद्रात आली तेव्हा मी ती नोंद छापून तिच्या हातात दिली. वर टेबलाच्या नावाआधी टेक्निशियनबाईंचं नाव होतं.

"ही कोन?"

"आधी इथे कामाला होत्या. नोंद त्यांच्या नावावर होती. मी हलवताना ती मागेच राहिली. चूक माझी आहे, ताई."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती कागद वरपासून खालपर्यंत बघत राहिली.

"बाईचं नाव हाय. माजी पोर कुठं हाय यात?"

त्या टेबलात नावं नव्हतीच, फक्त पेशंटचे नंबर होते. मी मुलीच्या नंबरावर बोट ठेवलं.

तिने माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि नंबराच्या पुढे, एकेक अक्षर जुळवत, मुलीचं नाव लिहिलं.