हलका अ‍ॅम्प्लिफायर

लग्नानंतर या घरात मला पहिल्यांदा जी वस्तू उचलता आली नाही, ती म्हणजे आमचा अ‍ॅम्प्लिफायर. नव्वदच्या दशकात इंदिरानगरातल्या आमच्या दोन खोल्यांपैकी एक साउंड सिस्टिमने व्यापलेली होती. नवरा लग्नांना, सभांना स्पीकर भाड्याने द्यायचा. स्पीकरना चाकं तरी होती. पण त्यांना ताकद पुरवणाऱ्या अ‍ॅम्पच्या पोटात लोखंडाचा भलामोठा ट्रान्सफॉर्मर, आणि तो दोघांनी धरल्याशिवाय टेम्पोत चढत नसे. नवरा मात्र एकटाच छातीशी कवटाळून चढवायचा. असं करता करता त्याच्या मणक्यातली गादी सरकली. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, आता पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही.

सगळं विकून टाकू, असं त्याने ठरवलं. मी नाही म्हटलं. घरात दुसरी कमाई नव्हती हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. वायरी गुंडाळण्यापासून माइक लावण्यापर्यंत सगळं मी शिकले होते. निव्वळ वजनापायी धंदा सोडायचा, याचा मला संताप येत होता.

त्याच सुमारास नवे, हलके अ‍ॅम्प बाजारात दिसू लागले होते. नवऱ्याने ते मला पलंगावर पडल्या पडल्या समजावून सांगितले. घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. इतक्या संथ विजेला ट्रान्सफॉर्मर मोठाच लागतो. नवा अ‍ॅम्प तीच वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून पुढे ढकलतो, म्हणून त्याचं काम मुठीएवढ्या ट्रान्सफॉर्मरवर भागतं.

"म्हणजे हंड्याने एक खेप घालण्याऐवजी तांब्याने भराभर खेपा," मी म्हटलं. तो हसला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

आणखी एक फरक होता. जुन्या अ‍ॅम्पमधले ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या नळासारखे राहायचे आणि अडवलेली वीज नुसती तापून वाया जायची. नव्यातले एकतर पूर्ण उघडे, नाहीतर पूर्ण बंद, आणि ही उघडझाप इतकी झपाट्याने की कानाला सलग आवाजच ऐकू येतो. त्यामुळे वीज कमी लागते आणि तापतोही कमी. मी जुना अ‍ॅम्प विकला आणि एक नवा आणला.

आम्हाला वर्षभर कामं देणारा मंडपवाला तो बघायला आला. या धंद्यात अ‍ॅम्पची पारख उचलून करायची रीत. त्याने उचलला आणि त्याचा चेहराच पडला. "वहिनी, यात काही नाही. नुसतं खोकं आहे." मग म्हणाला, पेठ तालुक्यातल्या एका गावात सामुदायिक लग्न आहे, तिथे हा आणा, मी माझा जुना वजनदार अ‍ॅम्पही आणतो. "तुमचा नाही चालला, तर पुढची कामं मी दुसऱ्याला देईन."

गावात त्या दिवशी लाइट नव्हती. एक लहानसा जनरेटर होता. मंडपवाल्याने माझ्या अ‍ॅम्पकडे न बघता स्वतःचाच जोडायला लावला. बटण दाबलं आणि जनरेटर गचके खाऊन बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. मोठा ट्रान्सफॉर्मर सुरू होताना पहिल्याच घोटात इतकी वीज ओढतो की लहान जनरेटरला ते झेपत नाही. जोड्या बाशिंगं बांधून उन्हात ताटकळत होत्या.

"आता माझा लावते," मी म्हटलं. परवानगी मागितली नाही. जनरेटरची वीज वरखाली झाली तर नवा अ‍ॅम्प जळू शकतो, हे नवऱ्याने सांगितलं होतं आणि माझ्याकडे दुसरा नव्हता. मला भीती वाटत होती. तरी बटण दाबलं.

जनरेटर जरा गुरगुरला आणि चालत राहिला. मंगलाष्टकं पार शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचली. गावातल्या एका म्हाताऱ्याने जवळ येऊन अ‍ॅम्पवर तळहात ठेवला. "तापला नाय. चालू हाय ना?"

"ऐकू येतंय ना, बाबा?"

"लय," म्हणाला आणि तिथेच बसून राहिला.

निघताना मंडपवाल्याने वणीचं नवरात्राचं काम मला सांगितलं. अ‍ॅम्प चांगला आहे असं काही तो म्हणाला नाही. ते त्याच्या तोंडून ऐकायची मलाही हौस नव्हती.

घरी आल्यावर सगळं सांगितलं. नवऱ्याने अ‍ॅम्प मांडीवर द्यायला सांगितला. डॉक्टरांची ताकीद आठवली, तरी मी तो त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने तो दोन्ही हातांनी तोलून पाहिला.

"हे दहा वर्षं आधी आलं असतं तर," तो म्हणाला.

मी रडत बसले असते, तर त्याने पुन्हा विकायचा विषय काढला असता.

"वणीला आवाज जुळवायला मिक्सरवर तुम्ही बसायचं," मी म्हटलं. "माझा कान अजून तुमच्यासारखा तयार नाही. उचलाउचल माझ्याकडे."

हेडफोन कुठे ठेवलाय, एवढंच त्याने विचारलं.